आधी ऐका, मग हवे तितके झोडपा : पुण्यातील पुरवणी संपादकांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातील मराठी दैनिकांच्या पुरवणी विभागांचे संपादक,

सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या एका मराठी दैनिकाने आपल्या आठवडी पुरवणीतले नव्या गाण्यांच्या समीक्षेचे सदर नुकतेच बंद केले. बंद करताना वाचकांसाठी दोन ओळींचा खुलासाही छापला नाही. सदराच्या जागी आता एक रंगीत चौकट येते आणि तिच्यात गाण्याचे नाव, ते किती लाख वेळा पाहिले गेले तो आकडा आणि नायिकेचे छायाचित्र एवढाच ऐवज असतो. गायकाचे नाव असते, कधी नसते. गीतकाराचे मी अजून पाहिलेले नाही.

एक सदर गेले तर एवढे काय बिघडले, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण चित्रपटाबाहेरच्या नव्या मराठी गाण्याबद्दल कोणीतरी आपल्या सहीने मत मांडते आहे, अशी पुण्याच्या दैनिकांतली माझ्या पाहण्यातली ती शेवटची नियमित जागा होती. बाकीच्यांनी हे काम केव्हाच सोडून दिले आहे, म्हणून हे पत्र मी एका संपादकांना न लिहिता आपणा सर्वांना लिहीत आहे.

माझा यातला संबंध आधीच सांगते. कर्वेनगरात माझा लहानसा स्टुडिओ आहे आणि ध्वनिमुद्रण हाच माझा व्यवसाय आहे. यंदा पुण्यातल्या चौघांच्या एका मराठी पॉप बँडचा पहिला अल्बम माझ्याकडे ध्वनिमुद्रित झाला आणि त्याचे मिक्सिंगही मीच केले. त्यामुळे त्या अल्बमच्या भल्याबुऱ्यात माझा वाटा आहे, माझ्या पुढच्या कामाची काही भिस्त त्याच्यावर आहे, आणि नेमक्या याच कारणाने त्याची समीक्षा लिहिण्याचा अधिकार मला नाही. बँडचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर हे पत्र म्हणजे न दिलेल्या पैशांची जाहिरात होईल, आणि माझी निम्मी तक्रार तर तशाच जाहिरातींबद्दल आहे.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की आपल्या पुरवण्या अल्बम न ऐकता त्यावर लिहितात. हा आरोप मी हवेत करत नाही. अल्बममध्ये नऊ गाणी आहेत. प्रसिद्धिपत्रक तयार झाले तेव्हा नववे गाणे पुरे व्हायचे होते, म्हणून त्या पत्रकात 'आठ गाण्यांचा नजराणा' असा उल्लेख राहून गेला. अल्बम आला तो नऊ गाण्यांचा, आणि दैनिकांत जे काही छापून आले त्यात सगळीकडे आठच गाणी होती. 'नजराणा' हा शब्दही जसाच्या तसा उतरला होता. त्यातला एक मजकूर तर 'समीक्षा' या शीर्षकाखाली, साडेतीन ताऱ्यांसह, छापलेला होता. शेवटचे गाणे ज्याच्या कानावर पडलेच नाही त्याने अर्धा तारा कशासाठी कापला असेल, हे कुतूहल मला अजून आहे.

ते नववे गाणे बँडच्या नेहमीच्या ढंगाचे नाही. त्यात ड्रम्स नाहीत, बेस गिटार नाही. एक पायपेटी आणि गायिकेचा आवाज, एवढ्यावर ते उभे आहे. सातव्या गाण्यातले समूहस्वर आम्ही स्टुडिओत घेतलेच नाहीत. नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या लाकडी जिन्यात, रात्री रस्ता शांत झाल्यावर, गाणारे वरच्या वळणावर उभे राहिले आणि माइक तळाच्या पायरीजवळ ठेवला, कारण त्या जिन्यात आवाजाला जी घुमारेदार पण कोरडी गोलाई येते ती यंत्रात कृत्रिम घुमारा घालून मला कधी साधलेली नाही. ही युक्ती फसली असेलही. शब्द पुसट झाले आहेत असे एखादा जाणता श्रोता म्हणेल, आणि त्याचे म्हणणे मी मुकाट्याने ऐकून घेईन. पण फसली की साधली हे सांगायला कोणी फिरकलेच नाही.

शिवाय या अल्बममध्ये झोडपण्यासारखे पुष्कळ आहे. दुसऱ्या गाण्यात चालीच्या हट्टापायी ऱ्हस्व अक्षरे ताणली आहेत आणि दीर्घ अक्षरे गिळली आहेत. मराठी कानाला ते खड्यासारखे लागते. दोन गाण्यांचे अंतरे हिंदी चित्रपटगीतांच्या ठरीव चढणीने वर जातात आणि मग तिथेच अडकून पडतात. पाचव्या गाण्यात ढोलकी ड्रम्सखाली दबून गेली आहे, असे माझे मत आहे. बँडचे मत नेमके उलटे आहे, आणि अल्बम त्यांचा असल्याने शेवटी त्यांचे चालले. हा वाद माझा नि त्यांचा आहे तोवर तो घरगुती राहणार. बाहेरच्या, दोघांशीही काही देणेघेणे नसलेल्या कानाने त्यात पडावे म्हणून तर समीक्षक लागतो.

दुसरी तक्रार जाहिरात आणि मजकूर यांच्यातली पुसत चाललेली रेघ. अल्बमची प्रत पाठवून 'कृपया समीक्षेसाठी विचार व्हावा' असे बँडने कळवले, तेव्हा एका ठिकाणाहून उत्तरादाखल जाहिरात विभागाचा दूरध्वनी क्रमांक आला. तिथे मिळालेला प्रस्ताव असा होता की पाव पानाचे पैसे भरा, मजकूर आम्ही लिहून देऊ, छायाचित्र तुमचे. आणि त्यावर 'जाहिरात' हा शब्द येईल का, या प्रश्नाला 'बारीक टाइपात येईल' असे उत्तर मिळाले. वृत्तपत्र चालवायला पैसे लागतात हे मला कळते. स्टुडिओचे वीजबिल मलाही भरावे लागते. जाहिरात विकण्याबद्दल माझी काहीच हरकत नाही. समीक्षेच्या मुखवट्याने ती विकण्याबद्दल आहे, कारण त्यामुळे ज्या मोजक्या लेखकांनी पदरमोड करून, रात्री जागून, प्रामाणिकपणे गाणी ऐकली आणि लिहिले, त्यांच्याही शब्दाला वाचक आता 'किती दिले असतील?' असे विचारू लागला आहे.

तिसरी तक्रार आकड्यांची, आणि तिच्यावर जरा थांबते, कारण हे आकडे कसे तयार होतात हे चौकट छापणाऱ्यांनी एकदा समजून घ्यावे अशी माझी इच्छा आहे. 'स्पॉटिफाय' या गाणी ऐकण्याच्या ॲपवर गाणे तीस सेकंद वाजले की एक श्रवण मोजले जाते. एकतिसाव्या सेकंदाला कंटाळून पुढे गेलेला आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकणारा, हे दोघे त्या हिशेबात सारखेच. २०२४ पासून तिथे असाही नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत एक हजार श्रवणे झाली नाहीत तर त्या गाण्याच्या मानधनाची मोजदादच होत नाही. याचा परिणाम माझ्यासमोर, माझ्या टेबलावर होतो. या अल्बमच्या चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला सुमारे चाळीस सेकंद नुसती गिटार आहे, आवाज त्यानंतर येतो. प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्याने ती कापून मुखडा पहिल्या दहा सेकंदांत आणा असा आग्रह धरला होता, आणि बँडने तो मोडून काढला. आता ते गाणे आकड्यांत मागे राहिले, तर आपल्या चौकटीच्या दृष्टीने ते पडलेले गाणे. ती चाळीस सेकंदे गाण्याला काही देतात की नुसती गायिकेची वाट अडवतात, याचे उत्तर आकड्यात कुठून मिळणार? ते कोणीतरी ऐकून, विचार करून, चार वाक्यांत लिहायला हवे. जो आकडा वाचकाला मोबाइलवर फुकट दिसतो तोच दुसऱ्या दिवशी कागदावर छापण्यात वृत्तपत्राने काय केले, हेही मला खरोखर समजत नाही.

चौथी तक्रार थोडक्यात सांगते. बँड हा विषय आपल्याकडे बहुधा 'तरुणाई'च्या पानावर येतो आणि एरवी येतो तो ध्वनिक्षेपकाच्या वेळमर्यादेच्या किंवा वाहतूक कोंडीच्या बातमीत. वाजवणारे काय वाजवत होते, हे दोन्हीकडे नसते. 'एनएच सेव्हन वीकेंडर' हा महोत्सव २०१० साली सुरू झाला तो याच शहरात. 'अग्नी' या पुण्याच्या बँडचा पहिला अल्बम २००७ साली आला. या शहरातल्या बँडच्या गाण्याचा इतिहास उद्या कोणा विद्यार्थ्याला लिहावासा वाटला, तर त्या त्या वेळी मराठी श्रोत्याला हे सगळे ऐकून काय वाटले याचा लेखी पुरावा त्याला आपल्या जुन्या अंकांत कितीसा सापडेल, हे आपणच आपल्या संग्रहात डोकावून पाहावे.

हे असेच चालते, असे म्हणावे तर आपल्याच शहराची रीत तशी नव्हती. केशवराव भोळे स्वतः 'प्रभात' फिल्म कंपनीचे संगीत दिग्दर्शक होते, आणि 'एकलव्य' व 'शुद्ध सारंग' या टोपणनावांनी गायकांवर त्यांनी जे लिहिले ते आजही त्या गायकांची गायकी समजून घ्यायला उपयोगी पडते. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. आजही महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी कोणी कोणता राग मांडला, विलंबित किती रंगले, तराणा घाईत उरकला का, हे पुण्याच्या वृत्तपत्रांत वाचायला मिळते आणि त्यावर चहाबरोबर भांडणेही होतात. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. त्यातल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींच्या एकांकिकांची दखल आपण घेता, प्रकाशयोजना भडक झाली इथपर्यंत लिहिता, आणि त्या लिहिण्याने पुढे कित्येक नटांना, लेखकांना घडवले. त्याच वयाची मुले गिटार हातात घेऊन आली की मात्र आपली लेखणी 'धम्माल', 'थिरकायला लावणारे' आणि 'रसिकांच्या पसंतीस उतरणारे' या तीन शब्दांवर येऊन थांबते.

पॉप हे क्षणभंगुर, त्याला एवढे गांभीर्य कशाला, असा एक सूर मी खाजगीत ऐकला आहे. त्याला उत्तर म्हणून योगायोगाने त्याच १९६३ सालातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 'बीटल्स'चा पहिला अल्बम त्या वर्षी २२ मार्चला इंग्लंडमध्ये आला. चौदा गाण्यांपैकी दहा गाणी त्यांनी ११ फेब्रुवारी या एकाच दिवशी लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली होती. जॉन लेननला त्या दिवशी सर्दी होती, म्हणून घसा फाडून गायचे गाणे सर्वांत शेवटी ठेवले गेले, आणि ते फाटलेपण त्या ध्वनिमुद्रणात आजही ऐकू येते. चौदातली सहा गाणी तर दुसऱ्यांची होती. त्या अल्बमने ब्रिटनच्या यादीत तीस आठवडे पहिला क्रमांक राखला. आपल्या चौकटीचे काम एवढ्यावर संपले असते. 'द टाइम्स' या लंडनच्या दैनिकाचे तेवढ्यावर संपले नाही. त्यांचे अभिजात संगीताचे समीक्षक विल्यम मान यांनी त्याच वर्षी २७ डिसेंबरच्या अंकात या चौघांच्या गाण्यांची स्वररचना, त्यांतले स्वरपट्टीचे बदल आणि शेवटाकडे येण्याच्या त्यांच्या पद्धती यांबद्दल अभिजात संगीताच्याच परिभाषेत लिहिले. त्यातल्या जड संज्ञांची पुढे खुद्द लेननने थट्टा केली, आणि ती करण्याजोगी होतीही. तरी लिहिणाऱ्याने गाणी कान देऊन ऐकली होती, याबद्दल कोणाला शंका नव्हती.

उलटे उदाहरणही आहे आणि ते मला अधिक जवळचे वाटते. 'लेड झेपलिन' हा पॉपपेक्षा रॉकचा बँड. त्यांचा पहिला अल्बम जानेवारी १९६९ मध्ये आला, तेव्हा 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी नियतकालिकाने त्याला अक्षरशः सोलून काढले. त्याच नियतकालिकाने २००३ साली काढलेल्या पाचशे श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत तो एकोणतिसावा होता. जुनी समीक्षा चुकीची ठरली, असे कोणी म्हणेल. तीत काही मुद्दे खरे होते, असे दुसरा म्हणेल. ती छापलेली होती, सहीनिशी होती, म्हणून हा वाद घालता येतो. प्रसिद्धिपत्रकाशी असा वाद चौतीस वर्षांनी काय, चौतीस मिनिटांनीही घालता येत नाही.

आपल्या अडचणी मला ठाऊक नाहीत असे नाही. जागा नाही, हे मान्य. पण ती चौकट बसली ती जागाच होती. असे लिहिणारे जाणकार मिळत नाहीत, हे मात्र मला मान्य नाही. ललित कला केंद्रात संगीत शिकणारे विद्यार्थी याच शहरात आहेत, कोथरूड ते कोरेगाव पार्क जॅम रूम, म्हणजे सरावाच्या खोल्या, भाड्याने घेऊन वाजवणारी मुले आहेत, आणि कॅसेटच्या काळात पदरचे पैसे मोडून गाणी जमवणारे, आता निवृत्त झालेले कित्येक श्रोते आहेत, ज्यांचे कान माझ्या यंत्रांपेक्षा तिखट आहेत. त्यांना मानधन किती देता हा प्रश्न मी इथे विचारत नाही. आपणच स्वतःला विचारा.

वाचकांना हे नको आहे, असेही सांगितले जाते. तसे असेल तर सदर बंद करण्याआधी वाचकांना विचारले होते का?

माझ्या मागण्या साध्या आहेत. बंद केलेले सदर पुन्हा सुरू करावे. आठवड्याला जमत नसेल तर महिन्यातून एकदा चालेल, पण ते ठरल्या दिवशी यावे. त्यात चित्रपटाबाहेरच्या एका तरी नव्या मराठी अल्बमवर, तो संपूर्ण ऐकलेल्या व्यक्तीने, आपल्या नावानिशी लिहावे, आणि बँडशी, कंपनीशी किंवा स्टुडिओशी त्या व्यक्तीचा काही संबंध असल्यास तो मजकुरातच सांगावा. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द मथळ्याच्या वर, मथळ्याइतक्याच ठळकपणे असावा. प्रसिद्धिपत्रक छापायचे असेल तर खुशाल छापावे, पण त्याला 'समीक्षा' म्हणू नये आणि त्यावर तारे चिकटवू नयेत. गाण्याचा उल्लेख कोठेही आला, अगदी आकड्यांच्या चौकटीत आला, तरी गीतकार, संगीतकार, गायक आणि वादक यांची नावे द्यावीत. ध्वनिमुद्रकाचे दिले नाही तरी चालेल. आम्हाला पडद्यामागे राहायची सवय आहे.

ज्या अल्बमवरून मी हे लिहिते आहे त्याची समीक्षा याच महिन्यात व्हावी, अशी मागणी मी करत नाही. ती मी करणे बरे दिसणार नाही. सुरुवात दुसऱ्या कोणाच्याही पहिल्या अल्बमपासून करावी. या शहरात ते दर काही महिन्यांनी येत असतात. आमच्या अल्बमवर कधी लिहिलेच, तर नववे गाणे ऐकून लिहावे, आणि पाचव्यातल्या ढोलकीबद्दल जे वाटेल ते स्पष्ट लिहावे.

या पत्राचे उत्तर मला खाजगीत नको. सदर का बंद केले आणि पुन्हा केव्हा सुरू होणार, किंवा होणारच नाही, हे त्या दैनिकाने त्याच पुरवणीत आपल्या वाचकांना सांगावे.

आपली विश्वासू,
एक ध्वनिमुद्रक
कर्वेनगर, पुणे